खुनी कोण ते राहू दे, त्या चौघांचं काय?

काल रात्री 'वन ऑफ अस इज लाइंग' दुसऱ्यांदा वाचून संपवलं. कॅरेन मॅकमॅनसचं हे पुस्तक २०१७ ला आलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुनी कोण एवढंच डोक्यात होतं, नुसती पानं पळवली. या वेळी उत्तर माहीत होतं म्हणून सावकाश वाचलं आणि खरंच सांगते, खूप त्रास झाला.

गोष्ट कॅलिफोर्नियातल्या बेव्ह्यू हायस्कूलची. पाच जणांना डिटेन्शन, म्हणजे शाळा सुटल्यावर वर्गात थांबायची शिक्षा. त्यातला सायमन गॉसिप अ‍ॅप चालवणारा, त्याला शेंगदाण्याची भयंकर अ‍ॅलर्जी. तो पाणी पितो आणि कोसळतो, नर्सच्या खोलीत इंजेक्शन आणायला धावतात तर तिथे एकही नाही. उरले चौघं, ब्रॉनविन, नेट, अ‍ॅडी आणि कूपर, आणि त्या चौघांची गुपितं सायमन दुसऱ्या दिवशी पोस्ट करणार होता हे कळल्यावर पोलिसांना आणखी काय पाहिजे!

मला सगळ्यात जास्त टोचलं ते वकिलांचं. ब्रॉनविनच्या आईवडिलांकडे पैसा आहे, ते लगेच चांगली वकील गाठतात, ती सांगते की बाकीच्या तिघांशी बोलायचं नाही. नेट आधीच ड्रग्ज विकल्याबद्दल प्रोबेशनवर, म्हणजे कोर्टाच्या देखरेखीखाली बाहेर, आई जवळ नाही, वडील दारूत, त्याच्या वाट्याला कोर्टाने दिलेला वकील. मग संशय कोणाला चिकटणार हे सांगायला डिटेक्टिव्ह कशाला पाहिजे, तो पोरगा पहिल्या पानापासूनच सगळ्यांच्या नजरेत गुन्हेगार आहे.

आणि हे नुसतं कादंबरीत होत नाही. अमेरिकेत एका १३ वर्षांच्या मुलाला पोलिसांनी वर्गातून उठवून शाळेतच बंद खोलीत बसवून घरफोडीबद्दल विचारलं होतं, तू जाऊ शकतोस हे कबुलीआधी सांगितलंच नाही, घरच्यांना फोन नाही. ती केस सुप्रीम कोर्टात गेली आणि २०११ मध्ये कोर्टाने म्हटलं की चौकशीत मुलाचं वय लक्षात घ्यायलाच हवं. पाच विरुद्ध चार मतांनी! एवढ्या साध्या गोष्टीसाठी फक्त एका मताचा फरक. चौकशीत अल्पवयीन मुलांशी खोटं बोलायचं नाही असा कायदा तिथल्या एखाद्या राज्यात यायला २०२१ उजाडलं, इलिनॉय हे पहिल्या राज्यांपैकी एक.

अ‍ॅडीचा भाग मात्र मी दोनदा वाचला. बॉयफ्रेंड सांगेल तसे कपडे, त्याला आवडतात म्हणून लांबसडक केस, आणि गुपित फुटल्यावर तोही गेला, मैत्रिणीही गेल्या, कँटीनमध्ये कोणी शेजारी बसेना. मग ती ते केस कापून टाकते. वेडेवाकडे कापलेले असतात, पण तिथून ती पहिल्यांदा स्वतःसारखी बोलायला लागते, पाठीशी फक्त बहीण अ‍ॅश्टन. खून झाला नसता तर हिने हे कधी केलं असतं का, मला नाही वाटत.

कूपरबद्दल लिहीत नाही, ज्यांनी वाचलं नाही त्यांच्या मजेचं वाटोळं होईल. एवढंच म्हणते की त्याची जी गोष्ट चव्हाट्यावर येते तिचा खुनाशी काडीचा संबंध नव्हता, ती उघड करायचा हक्क फक्त त्याचा होता आणि तोच हिसकावला. त्या पानांवर मला खुन्यापेक्षा बाकीच्यांचाच जास्त राग आला.

शेवट थोडा घाईत गुंडाळलाय असं दुसऱ्यांदाही वाटलं. पुढचा भाग 'वन ऑफ अस इज नेक्स्ट' २०२० चा आहे, त्यात ब्रॉनविनची धाकटी बहीण मेव्ह आहे, आज रात्रीच सुरू करतेय.