जी पुन्हा होणार नाही, ती जमवा

व्हिस्की जमवायची तर कुठली, असं पुण्याहून एडिंबरोला येणारे मित्र हमखास विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: जी पुन्हा तयार होणार नाही, ती. चकचकीत खोक्यातल्या 'लिमिटेड' बाटल्या दुकानातच राहू द्याव्यात. कंपनी पुढच्या वर्षी तशाच आणखी काढते.

१९७०च्या दशकात स्कॉच भरमसाट गाळली गेली, मग मागणी घसरली आणि १९८३ साली डिस्टिलर्स कंपनी लिमिटेडने अनेक डिस्टिलऱ्यांना टाळं ठोकलं. आयला बेटावरची पोर्ट एलन, उत्तरेकडची ब्रोरा, लिनलिथगोची सेंट मॅग्डलीन. तेव्हा हा माल ब्लेंडमध्ये, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांच्या मिश्र व्हिस्कीत, जायचा, म्हणून कुणाला फारशी हळहळ वाटली नाही. पुढे उरलेल्या पिंपांतली व्हिस्की मुरली, बाटल्यांत आली आणि काय गमावलं ते लोकांना कळलं.

ब्रोरा २०२१ साली पुन्हा सुरू झाली, पोर्ट एलन २०२४ साली. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण सेंट मॅग्डलीनच्या इमारतीत आता लोक राहतात. ग्लासगोच्या गाडीतून तिचं पॅगोड्यासारखं छप्पर दिसतं. तिथे पुन्हा भट्टी पेटणार नाही, म्हणून माझा जीव तिच्यावर. 'रेअर मॉल्ट्स' मालिकेतली १९७९ची, १९ वर्षं मुरलेली बाटली तब्बल ६३.८ टक्के मद्यार्काची आहे. थेंबभर पाणी घातलं की ओल्या गवताचा आणि लिंबाच्या सालीचा वास असा काही उठतो की बोलणं थांबतं. पोर्ट एलनच्या जुन्या बाटल्या पगारदार माणसाच्या आवाक्यातून केव्हाच गेल्या. सेंट मॅग्डलीनही स्वस्त नाही, पण तिच्यासाठी पैसे साठवावेत.

दुसरी जागा गॉर्डन अँड मॅकफेलची. स्कॉटलंडमधल्या एल्गिनचं हे व्हिस्की-व्यापारी घराणं पिढ्यान्‌पिढ्या इतरांच्या डिस्टिलऱ्यांत स्वतःची पिंपं भरून घेत आलं. २०२४पासून ते थांबवणार, असं त्यांनी २०२३ साली जाहीर केलं. जुना साठा अजून मोठा आहे, पण त्यात नवी भर पडणार नाही.

लिलावात घेताना बाटलीतली पातळी बघा. मानेखाली उतरली असेल तर सोडून द्या. घरी बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवली तर मद्य बूच खातं. आणि काचेत व्हिस्कीचं वय वाढत नाही: १२ वर्षांची बाटली कपाटात वीस वर्षं ठेवली तरी १२चीच.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू विकता येत नाही, तेव्हा तिकडच्या मित्रांनी नफ्याचा हिशेब मनातून काढावा आणि गोव्याच्या व्हिस्कीकडे बघावं. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते. गोव्यात कुंकळ्ळीला, जिथे पॉल जॉन व्हिस्की बनते, तिथल्या उकाड्यात त्याच्या कितीतरी पट, म्हणून पिंपात फार वर्षं काही उरत नाही. त्यामुळे पॉल जॉनची जास्त वर्षं मुरलेली, एकाच पिंपातली बाटली दिसली तर दोन घ्या, आणि त्यातली एक फोडा.