जमिनीखालच्या टाकीचं काँक्रीट: माझा अनुभव

टाकी आतून ३ मीटर लांब, अडीच मीटर रुंद, पाणी दीड मीटर. म्हणजे सव्वाअकरा हजार लिटर. भिंत २० सेंटीमीटर, काँक्रीट एम-३० (ताकदीची प्रत), सिमेंट पीपीसी (फ्लाय अॅशसारखी राख मिसळलेलं).

वॉटरप्रूफिंगचं केमिकल कोणतं, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. आधी पाणी मोजा. मालात, म्हणजे ओल्या काँक्रीटमध्ये, जास्तीचं घातलेलं पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं सोडतं. ओल तिथूनच शिरते, सळई गंजून फुगते, तिच्यावरचं काँक्रीटचं आवरण, म्हणजे कव्हर, फुटतं. टाकीला पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या वर नको: ५० किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर, तेही वाळूतलं पाणी धरून. आमच्या मिश्रणात गोणीला साधारण ९० किलो वाळू होती. ती ५ टक्के ओली असेल तर साडेचार लिटर तिच्यातच आलं. मिक्सरमध्ये १८ लिटरच घालायचं. माल कडक वाटला की कोणीतरी हमखास बादली उचलतो. त्याला थांबवून प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं द्रावण) वापरायचा, डब्यावर लिहिलेल्या मात्रेत. वॉटरप्रूफिंगचं द्रावण घातलंच तर मिक्सरच्या पाण्यात मिसळून. पातळ माल ते वाचवत नाही.

सळईला ४५ मिलिमीटर कव्हर, तयार कव्हर ब्लॉक लावून. खडीचा तुकडा खाली सरकवला की तो माल हलवून बसवणाऱ्या व्हायब्रेटरने निसटतो.

खरी परीक्षा तळ आणि भिंतीच्या सांध्याची. तळासोबतच भिंतीची १५ सेंटीमीटर उंची ओतून घेतली आणि तिच्यात सांध्यातून पाणी अडवणारी पीव्हीसी वॉटर स्टॉप पट्टी अर्धी बुडवली, अर्धी वर. पट्टी उभी राहावी म्हणून तिच्या कडा तारेने सळईला बांधल्या. मधोमध खिळा ठोकला की पट्टीचा उपयोगच संपला. दुसऱ्या दिवशी सांध्यावरची सिमेंटची दुधट साय वायर ब्रशने खडी दिसेपर्यंत खरवडली, धुतली. भिंत ४५ सेंटीमीटरच्या थरांत ओतली. व्हायब्रेटरची सुई उभी घालायची, खालच्या थरात थोडी जाऊ द्यायची आणि हळू बाहेर काढायची. झपकन ओढली की भोक तसंच राहतं, भिंतीला पोळं, म्हणजे पोकळ खडबडीत जागा, पडते.

पीपीसीला किमान १० दिवस ओल हवी. भिंतीवर नुसतं पाणी मारून भागत नाही, ते ओघळून जातं. गोणपाट गुंडाळून सतत भिजतं ठेवलं.

गळतीची चाचणी बाहेरची माती भरण्याआधी. टाकी भरून ७ दिवस ठेवली, म्हणजे काँक्रीट पिऊन घेतं; मग पुढचे ७ दिवस रोज पातळी मोजली. झाकलेल्या टाकीत एकूण घट २० मिलिमीटरच्या आत हवी. आमची घट त्यात बसली, तरी बाहेरून दोन जागी ओल दिसली. दोन्हीकडे शटरिंगची (साच्याच्या फळ्यांची) तार भिंतीतून आरपार गेलेली होती. टाकी रिकामी करून तिथे अडीच सेंटीमीटर खोल खाच मारली, तार आत कापली, न आकसणाऱ्या ग्राउटने (सिमेंटच्या भरणीच्या मालाने) खाच भरली आणि पुन्हा पाणी भरलं.