‘गाडी जाते का?’ असं विचारू नका: रावेर-यावलच्या वादळांमागे चार दिवस

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याहून तापीकडे उतरणारा कुठलाही कच्चा रस्ता, आभाळ भरलेलं असताना, चारचाकीनं करू नका. एवढं वाचून थांबलात तरी चालेल. हे वाक्य मला अडीच हजार रुपयांना पडलंय.

आम्ही तिघं नाशिकचे. परतीच्या पावसातली वादळं बघायला दरवर्षी कुठं ना कुठं जातो. यंदा खानदेश ठरलं. ऑक्टोबरात जमीन अजून ओली असते, ऊन मात्र वैशाखाची आठवण करून देणारं, आणि उत्तरेला सातपुडा आडवा उभा. दुपारी एक-दोनला डोंगरावर ढग फुगायला लागतात, चारपर्यंत त्यांचा माथा ऐरणीसारखा चपटा पसरतो. इथं चक्रीवादळ बघायला मिळेल असं कुणाच्या डोक्यात असेल तर ते काढून टाका. सप्टेंबर २०२१मध्ये ‘गुलाब’ आंध्रच्या किनाऱ्यावर आलं आणि त्याचा उरलेला कमी दाबाचा पट्टा मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र करत अरबी समुद्रात जाऊन ‘शाहीन’ नावाचं नवं चक्रीवादळ झाला. जमिनीवरून इतकं अंतर आल्यावर हातात मुख्यतः पाऊसच राहतो. खानदेशात बागा झोपवतो तो वारा निराळा. ढगातून पावसाबरोबर गार हवा खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते, तो. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ, पण तेवढ्यात वर्षाचं पीक जातं.

पहिला दिवस साक्रीकडच्या पवनचक्क्यांपाशी गेला. वारा होता, वादळ नव्हतं. दुसऱ्या दिवशी मनुदेवीचं देऊळ आणि सातपुड्यातलं पाल पाहिलं. छान आहे, जाऊन या.

तिसऱ्या दिवसाची गोष्ट. शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर असा सातपुड्याच्या पायथ्यानं जाणारा बऱ्हाणपूरचा रस्ता नकाशावर वादळवेड्यांसाठीच आखल्यासारखा दिसतो. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला तापी. नकाशात केळी दिसत नाही. दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट केळी, मैलोन् मैल, आणि वर आभाळाची जेमतेम एक पट्टी. गडगडाट ऐकू येतोय, ढग कुठं आहे ते कळत नाही. क्षितिजच नाही तर कशाचा पाठलाग करणार?

म्हणून मोकळी जागा शोधत नदीकडे वळायचं ठरलं. चहाच्या टपरीवर विचारलं, ‘‘खाली नदीपर्यंत गाडी जाते का?’’

‘‘जाते ना भो. बिनधास्त.’’

इथं गाडी म्हणजे मोटारसायकल. हे मला दुसऱ्या दिवशी त्याच टपरीवर कळलं. ‘‘फोरव्हीलर म्हन्ता? मंग नाही जात.’’ खोटं तो बोलला नव्हताच, मीच अर्धवट विचारलं. मोबाइलमधल्या नकाशावरही ती गाडवाट जाड रेघेनं रस्ता म्हणून दाखवलेली होती, तेव्हा त्याच्यावरही विसंबू नका.

चार किलोमीटर काळी माती. जाताना सुकी होती, काही वाटलं नाही. पावणेपाचला टोकाला पोचलो. एक मोकळं वावर, पलीकडे तापीकाठची घळी, आणि उत्तर-पूर्वेला शाईसारखं आभाळ. आनंदानं आम्ही ओरडलोच.

आधी ओल्या मातीचा वास आला, म्हणजे पाऊस कुठंतरी पडत होता. मग वारा पडला. केळीची पानं, जी कधी गप्प बसत नाहीत, ती लोंबली. मग कुणी भली मोठी ताडपत्री फरफटत आणावी तसा आवाज. पलीकडच्या बागेची पानं उलटी होऊन कड पांढुरकी झाली आणि ती पांढरी रेघ आमच्या दिशेनं धावत आली. वारा मोजायचं हातातलं यंत्र खिडकीतून बाहेर धरलं होतं. ताशी १२ वरून एकदम ४४, मग ६१ किलोमीटर. हवा अशी गार की काचा आतून धुकल्या. केळीचं खोड मोडताना कडाडत नाही, ‘मच्च’ असा ओला आवाज येतो, गुडघाभर उंचीवर. निसवलेली, म्हणजे घड लागलेली झाडं आधी गेली, घडाचं वजन ज्या अंगाला त्या अंगाला. बिनघडाची पानांच्या चिंध्या घेऊन उभी राहिली. इकडे अशा वादळाला वावधन म्हणतात. असं दृश्य मी आजवर पाहिलं नव्हतं, आणि त्यासाठी परत जाईन.

पण त्या वाटेनं नाही. पंचवीस मिनिटं पाऊस, आणि परतताना दोनशे मीटरवर गाडी बसली. नुसता चिखल असता तर निघाली असती. काळ्या मातीचा चिकटा मडगार्डमध्ये ठासून भरतो आणि चाक फिरायचंच थांबतं. जॅक लावला तर जॅक खाली गेला. त्याच्याखाली फळीसारखं टाकायला सुकं काही नाही. वर विजा चालू, म्हणून काचा बंद करून आत बसलो. मोकळ्या रानात तेवढंच शहाणपण केलं.

साडेसातला ट्रॅक्टर मिळाला. ‘‘पंचवीसशे लागतीन.’’ घासाघीस केली, त्यानं इंजिन बंद केलं. दिले. दुसऱ्या दिवशी गावात विचारलं तर सगळ्यांचं म्हणणं, पाचशे, फार तर सातशे. दोर सोडताना बॅटरीच्या उजेडात त्याची स्वतःची बाग दिसली, आडवी. तरीही पंचवीसशे जास्तच. भाव आधी ठरवा, आणि शक्यतो दोन माणसांना विचारा.

आता जाणाऱ्यांसाठी. मुक्काम सावद्याला करू नका, भुसावळला करा आणि तापीच्या दक्षिणेला, जामनेरकडच्या कपाशीच्या पट्ट्यात थांबा. कपाशी कमरेएवढी, सगळा सातपुडा भिंतीसारखा समोर, आणि डांबरी रस्ता न सोडता वादळ उतरताना दिसतं. चौथ्या दिवशी आम्ही तिथंच होतो आणि पहिल्या तासातच कळलं की तिसरा दिवस आम्ही गाढवपणात घालवला.

रडारवर फार भिस्त ठेवू नका. भोपाळचं रडार रावेरहून अडीचशे किलोमीटरच्या पुढं आहे, मुंबईचं त्याहून लांब. इतक्या अंतरावर त्याचा किरण जमिनीपासून पाचेक किलोमीटर वर असतो. ढगाचं डोकं दिसतं, खालून धावत येणारा वारा दिसत नाही. उपग्रहाची चित्रं आणि विजांसाठी ‘दामिनी’ ॲप, एवढं पुरतं. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. उत्तर दहाच्या आत आलं की कॅमेऱ्याचा तिपाई मिटून गाडीत.

सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. सव्वापाचनंतर उठलेल्या नव्या ढगामागे लागू नका. आणि तापीवरच्या हतनूर धरणाच्या खाली नदीकाठी उतरायचं असेल तर आधी धरणाच्या दरवाजांची चौकशी करा. ४१ दरवाजे आहेत. पाऊस तापीला मिळणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात, विदर्भात पडलेला असतो आणि पाणी इथं कोरड्या आभाळाखाली वाढतं.

जेवणाची चिंता नको, भरीत-भाकरी कुठंही मिळते.

नाशिकला आल्यावर गाडी दोनदा धुतली. परवा ब्रेक कुरकुरतो म्हणून चाक काढलं, तर आत सावद्याची माती, वाळून वीट झालेली.