वैनी स्टेशन, १ मे १९०८

१९०८ साली फाशी गेलेला बंगाली क्रांतिकारक खुदीराम बोस, त्याच्यावर मराठीत लिहिताना बहुतेक जण थेट फाशीच्या सकाळपासून सुरुवात करतात. मी रेल्वेच्या ऑपरेटिंगमधून निवृत्त झालेला माणूस. माझं लक्ष अडकलं ते वैनी स्टेशनवर त्याला पकडलं तेव्हा त्याच्या अंगावर सापडलेल्या वस्तूंच्या यादीत. दोन रिव्हॉल्व्हर, ३७ काडतुसं, ३० रुपये, रेल्वेचा एक नकाशा आणि वेळापत्रकातलं एक पान.

काडतुसांचं समजू शकतं. पण ते वेळापत्रकाचं पान वाचल्यावर मी पुस्तक खाली ठेवून नकाशा उघडला. म्हणजे पोरगं गाडी पकडून घरी जायचं ठरवून निघालं होतं. मरायचंच असं ठरवलेला माणूस गाडीची वेळ कशाला जवळ ठेवील?

आधी थोडी पार्श्वभूमी. खुदीरामचा जन्म ३ डिसेंबर १८८९चा, मेदिनीपूर जिल्ह्यातला. आधीचे मुलगे जगले नव्हते म्हणून आईने त्याला तीन मुठी कण्यांच्या मोबदल्यात थोरल्या मुलीला, अपरूपाला 'विकलं'. आपल्याकडेही मूल जगावं म्हणून असले तोडगे करतच. पुढे आई-वडील दोघंही लवकर गेले आणि त्या बहिणीनेच त्याला खरोखर वाढवलं. १९०५ला बंगालची फाळणी झाली, मेदिनीपूरमध्ये सत्येंद्रनाथ बोस क्रांतिकार्यासाठी पोरं जमवत होते, हा त्यांच्यात गेला. १९०६ साली तिथल्या प्रदर्शनात 'सोनार बांगला' नावाचं पत्रक वाटताना सापडला होता. वयाकडे बघून सोडून दिलं.

किंग्जफर्ड हा कलकत्त्याचा चीफ प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट. सुशील सेन नावाच्या शाळकरी मुलाला त्याने १५ फटक्यांची शिक्षा दिली, तेव्हापासून तो क्रांतिकारकांच्या डोळ्यांवर होता. सरकारने त्याची बदली बिहारमध्ये मुजफ्फरपूरला केली. कलकत्त्यातल्या बारींद्र घोष यांच्या क्रांतिकारक गटाने त्याला मारायला तिथे दोन मुलं पाठवली: अठरा वर्षांचा खुदीराम आणि एकोणीस वर्षांचा प्रफुल्ल चाकी. दोघं खोट्या नावांनी धर्मशाळेत राहिले. प्रफुल्ल 'दिनेशचंद्र राय' झाला होता आणि पकडल्यावर खुदीरामने आपल्या जोडीदाराचं तेच नाव सांगितलं. बॉम्ब हेमचंद्र कानुनगोंनी बनवलेला. हे हेमचंद्र ती विद्या पॅरिसला शिकून आले होते, आणि तिथे त्यांच्याबरोबर होते आपले पारनेरचे सेनापती बापट. मराठी वाचकाला हा दुवा माहीत असायला हवा, पण खुदीरामच्या गोष्टीत तो सहसा कोणी सांगत नाही.

३० एप्रिल १९०८, रात्री साडेआठच्या सुमारास युरोपियन क्लबजवळ बॉम्ब पडला. घोडागाडी किंग्जफर्डच्या गाडीसारखी दिसणारी, पण आत बॅरिस्टर प्रिंगल केनेडींची पत्नी आणि मुलगी होत्या. मुलगी लगेच गेली, आई २ मेला. किंग्जफर्डला ओरखडाही उठला नाही. या दोघींबद्दल लिहिताना लेखणी 'चुकून' या एका शब्दावर भागवते, ते मला पटत नाही. त्या दोघींनी कोणाला फटके मारायला लावले नव्हते. खुदीरामबद्दलचा आदर कमी न करता हे म्हणता येतं.

आता सुटकेचं बघू. दोघं वेगवेगळे पळाले. खुदीराम अंधारात वीस-पंचवीस मैल चालला आणि सकाळी वैनीला पोचला. मुजफ्फरपूर–समस्तीपूर ही तेव्हा बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेची मीटर गेज, म्हणजे अरुंद रुळांची लाइन, वैनी तिच्यावरचं छोटं रोडसाइड स्टेशन. अशा स्टेशनांवर मी काम केलंय. तिथे सकाळच्या गाडीला कोण येणार, हे रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनला तोंडपाठ असतं. धुळीने भरलेल्या पायांचा, रात्रभर न झोपलेला परका मुलगा तिथे लपूच शकत नाही. त्यापेक्षा समस्तीपूरसारख्या जंक्शनच्या गर्दीत तो निभावला असता. शिवाय रुळांच्या कडेने तारेचे खांब असतात. तो एका गावातून दुसऱ्या गावात पोचेपर्यंत बातमी सगळ्या लाइनवर फिरलेली. पाणी प्यायला थांबला तिथेच फतेसिंग आणि शिवप्रसाद सिंग या दोन कॉन्स्टेबलांना संशय आला. झटापटीत एक रिव्हॉल्व्हर खाली पडलं, दुसरं काढायच्या आत त्याला धरलं.

समजा, नसतं धरलं. तरी पुढे गंगा होती! बिहारमध्ये त्या वेळी गंगेवर रेल्वेचा एकही पूल नव्हता. मोकामाचा राजेंद्र सेतू झाला १९५९ साली. उत्तर बिहारमधून कलकत्त्याला जायचं म्हणजे मीटर गेजने नदीच्या घाटापर्यंत, तिथून स्टीमरने पलीकडे मोकामा घाट, आणि मग ब्रॉड गेजची गाडी. (त्या वर्षांत मोकामा घाटावर मालाच्या चढउताराचं कंत्राट जिम कॉर्बेट यांच्याकडे होतं, तेच ते वाघांवाले.) बिहारमधल्या दुसऱ्या कुठल्याही घाटावरून गेलं तरी होडी नाहीतर स्टीमर चुकत नाही. म्हणजे प्रत्येक प्रवाशाने गाडीतून उतरून, सगळ्यांच्या नजरेसमोरून चालत जाऊन बोटीत बसायचं. पोलिसांना आणखी काय हवं?

प्रफुल्लचं नेमकं असंच झालं. तो समस्तीपूरपर्यंत पोचला, तिथे एका बंगाली गृहस्थाने त्याला आसरा दिला, गाडीतही बसला. डब्यात नंदलाल बॅनर्जी हा सब-इन्स्पेक्टर होता. गप्पांत त्याला संशय आला, वाटेतून त्याने तार केली आणि मोकामा घाटावर पोलिसांनी प्रफुल्लला गाठलं. प्रफुल्लने शेवटची गोळी स्वतःसाठी वापरली. नंदलालला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यात कोणीतरी गोळ्या घालून संपवलं.

माझा राग आहे तो कलकत्त्यात बसून या पोरांना धाडणाऱ्यांवर. बॉम्ब शिकायला माणूस पॅरिसला गेला, आणि परतीसाठी काय, तर वेळापत्रकातलं पान! नदीकाठी एखादा नावाडी बांधून ठेवायला, गावात चार-आठ दिवस दडवून ठेवायला कोणी नव्हतं? बारींद्रांचा गट तरी कुठे सावध होता म्हणा. २ मेच्या पहाटे कलकत्त्यातल्या त्यांच्या मुरारीपुकुरच्या बागेवर छापा पडला तेव्हा सगळे अलगद सापडले.

वैनीहून खुदीरामला मुजफ्फरपूरला परत आणलं. त्याला बघायला स्टेशनवर ही गर्दी. 'स्टेट्समन' या इंग्रजी वर्तमानपत्राच्या बातमीनुसार तो फर्स्ट क्लासच्या डब्यातून उतरला, काही काळजी नसल्यासारखा चालत बाहेर उभ्या बग्गीपर्यंत गेला आणि आत बसल्यावर मोठ्याने 'वंदे मातरम्' ओरडला. ज्याच्याकडे सगळे मिळून ३० रुपये होते, त्याला सरकारने फर्स्ट क्लासने फिरवलं.

जबानीत त्याने सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं, कारण प्रफुल्ल मेल्याचं त्याला माहीत नव्हतं. पुढे वकिलांनी प्रफुल्लने बॉम्ब फेकला असावा, असा मुद्दा मांडून बघितला. उपयोग झाला नाही. १३ जूनला फाशीची शिक्षा झाली, १३ जुलैला हायकोर्टाने ती कायम केली. आणि त्याच १३ जुलैला मुंबईत टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला उभा राहिला. मुजफ्फरपूरच्या बॉम्बनंतर केसरीत आलेले 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे दोन लेख त्या खटल्यात होते. टिळकांना सहा वर्षं मिळाली, आपण मंडाले म्हणतो ती. शाळेत आम्हाला खुदीराम भेटला तो एवढ्यापुरताच, टिळकांच्या धड्यात, एका ओळीत.

११ ऑगस्टला मुजफ्फरपूरच्या तुरुंगात त्याला फाशी दिली. वय अठरा वर्षं आठ महिने. बंगालमधल्या विणकरांनी काठावर त्याचं नाव विणलेली धोतरं बाजारात आणली आणि तरुण ती नेसून हिंडायला लागले. वैनी स्टेशनचं नाव आता खुदीराम बोस पुसा आहे.