सातांपैकी साडेतीन बेटे

‘स्त्रोंबोली म्हणजे भूमध्य समुद्राचे दीपगृह’ हे वाक्य कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवताना मी तीस वर्षे फळ्यावर लिहीत आले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याच्या कातळावर जन्म गेला, पण जिवंत ज्वालामुखी मात्र कधी पाहिला नव्हता. निवृत्तीनंतर तो पाहायचाच असे ठरले, तेव्हा प्रश्न फक्त तिथे पोहोचण्याचा आहे असा माझा समज होता. प्रत्यक्षात इटलीतील सिसिली बेटाच्या उत्तरेकडील ज्या एओलियन द्वीपसमूहात स्त्रोंबोलीचा ज्वालामुखी आहे, त्यात वस्ती असलेली सात बेटे आहेत आणि हाताशी असलेल्या सात रात्रींत त्यांतली कोणती पाहायची व कोणत्या क्रमाने, हे ठरवण्यात आमचे जवळजवळ दोन महिने गेले.

‘तिथे गेल्यावर पाहू’ म्हणण्याची सोय आम्हाला नव्हती. शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत कोणत्या रात्री कुठे मुक्काम हे दाखवावे लागते, त्यामुळे सप्टेंबरच्या प्रवासाचा बेत आम्हाला उन्हाळ्यातच पक्का करावा लागला. माझी पहिली यादी अगदी सरळ होती: सात रात्री, सात बेटे. बँकेत आयुष्य गेलेल्या आमच्या ह्यांनी ती यादी वाचली, चष्मा काढला आणि “सात दिवसांत सात वेळा बॅग भरायची, आणि ती उचलणार कोण?” एवढेच विचारले. ह्यांचा उजवा गुडघा गेली चार वर्षे कुरकुरतो, त्यामुळे प्रश्न रास्त होता.

मग मी नकाशा समोर घेतला आणि तीस वर्षे शिकवलेला भूगोल पहिल्यांदा प्रवाशाच्या नजरेने वाचला. ही बेटे समुद्रात आडव्या पडलेल्या बेचकीसारखी मांडलेली आहेत. वुल्कानो, लिपारी आणि सलीना ही तिची मूठ. ईशान्येच्या फाट्यावर पानारेआ व स्त्रोंबोली, आणि पश्चिमेच्या फाट्यावर फिलिकुदी व अलिकुदी. सिसिलीच्या किनाऱ्यावरील मिलात्सो बंदरातून निघणाऱ्या बोटी बहुतेक मुठीतून जातात आणि मग कोणत्यातरी एका फाट्याला लागतात. म्हणजे स्त्रोंबोलीहून अलिकुदीला जायचे तर पुन्हा मधल्या बेटांपर्यंत येऊन बोट बदलायची, आणि पश्चिमेकडे बोटी मुळातच कमी. वेळापत्रक उघडून बसल्यावर लक्षात आले की आपण बेटे निवडत नसून फाटा निवडत आहोत, आणि स्त्रोंबोलीचा हट्ट असल्यामुळे तो फाटा आधीच निवडला गेला आहे.

अलिकुदी यादीतून काढताना मला खरेच वाईट वाटले. त्या बेटावर मोटारीचे रस्ते नाहीत. बंदरापासून वरच्या घरांपर्यंत दगडी पायऱ्या आहेत आणि सामान खेचरांच्या पाठीवरून जाते. मला जे सर्वांत मोहक वाटत होते तेच ह्यांच्या गुडघ्याला अशक्य होते. अलिकुदी गेले तसे त्याच वाटेवरचे फिलिकुदीही गेले, जरी कापो ग्रात्सियानो येथील कांस्ययुगीन वस्तीचे अवशेष आणि समुद्रातून सरळ उभा राहिलेला ला कान्ना नावाचा सुळका यांची टिपणे मी वहीत काढून ठेवली होती. पानारेआचा निर्णय मात्र पाच मिनिटांत झाला. जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचे ते सर्वांत लहान बेट श्रीमंतांच्या नौकांचे आवडते ठिकाण आहे आणि तिथल्या खोल्यांचे दर पाहून ह्यांनी दुसरे कारण विचारलेही नाही.

स्त्रोंबोलीबाबत खरा विचार करावा लागला. लिपारी किंवा सलीनाहून दुपारी निघून रात्री परत येणाऱ्या सहली आहेत. त्यांत बोट शारा देल फुओको या काळ्या उतारासमोर थांबते आणि अंधारात वर उडणारे निखारे समुद्रातून पाहता येतात. मुक्काम न करता ज्वालामुखी पाहून होतो, म्हणून ह्यांचा कल तिकडे होता. माझे म्हणणे असे की एका संध्याकाळच्या ढगांवर किंवा लाटांवर इतक्या वर्षांची इच्छा टांगून ठेवू नये. शिखर 924 मीटर उंच आहे, पण 3 जुलै 2019 रोजी झालेल्या मोठ्या स्फोटात एका गिर्यारोहकाचा मृत्यू झाला आणि तेव्हापासून वरपर्यंत जाण्यास बंदी आहे. किती उंचीपर्यंत जाता येईल आणि वाटाड्या सक्तीचा आहे की नाही, हे ज्वालामुखीच्या त्या त्या वेळच्या स्थितीनुसार बदलत राहते. शिखराचा मोह असा परस्पर सुटल्यामुळे आमच्या घरातला एक वाद आपोआप मिटला. खालच्या लाब्रोन्झो टोकाजवळूनही स्फोट दिसतात, तिथपर्यंत ह्यांना सावकाश चालत जाता येईल, आणि दोन रात्री राहिलो तर एक तरी निरभ्र मिळेल, असा हिशेब मी मांडला व तो मान्य झाला.

उरलेल्या पाच रात्री लिपारीत की सलीनात, यावर मात्र आम्ही आठवडाभर बोलत होतो. सोयीच्या दृष्टीने लिपारीला तोड नाही. ते सर्वांत मोठे बेट, सर्व मार्गांच्या बोटी तिथे येतात, औषधांची दुकाने आहेत, बस आहे, आणि किल्ल्यावरील पुरातत्त्व संग्रहालय मला चुकवायचे नव्हते. नवाश्मयुगात या बेटावरचा ज्वालाकाच, म्हणजे ऑब्सिडियन, पात्यांसाठी दक्षिण फ्रान्सपर्यंत पोहोचत असे. सलीनाची बाजू वेगळी होती. दोन शंकूंचे हे बेट समूहात सर्वांत हिरवे, त्याचे 962 मीटरचे शिखर समूहात सर्वांत उंच, आणि बाकी सहा बेटे लिपारीच्या नगरपालिकेखाली असताना या एका बेटावर तीन स्वतंत्र पालिका आहेत. सप्टेंबरात तिथे माल्वासिया वाइनची द्राक्षे वाळवायला पसरलेली असतात. आणि केपर! खारवून ठेवलेल्या या न उमललेल्या कळ्या आपल्या वाघाट्याच्या कुळातल्या झुडपाच्या असतात, हे कळल्यावर आषाढी द्वादशीला वाघाट्याची भाजी आवर्जून करणारी मी सलीना सोडणे शक्यच नव्हते. शेवटी सलीनाला तीन आणि लिपारीला दोन रात्री दिल्या.

वुल्कानोचे अर्धे माप पडले. ज्याच्या नावावरून जगभरच्या ज्वालामुखींना ‘व्होल्कॅनो’ हे नाव मिळाले, त्याचा शेवटचा उद्रेक 1888 ते 1890 या काळात झाला. 2021 च्या शरद ऋतूत तिथे कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढल्याने बंदराजवळच्या वस्तीला रात्री घरात राहण्यास मनाई करावी लागली होती. बेत ठरवताना परिस्थिती निवळलेली होती. तरीही मुक्काम न करता लिपारीहून दहा-पंधरा मिनिटांच्या बोटीने अर्धा दिवस जाऊन यायचे ठरले. आपल्याकडे शक्तिपीठे साडेतीन, आमची बेटेही साडेतीन.

क्रम हा शेवटचा प्रश्न, आणि माझी खरी चूक तिथेच होत होती. मी लिपारीपासून सुरुवात करून स्त्रोंबोली अखेरीस ठेवले होते, कीर्तनात उत्तररंग शेवटी यावा तसे. स्त्रोंबोलीच्या ज्या घरगुती निवासात आम्ही खोली मागितली, तिथल्या बाईंनी उत्तरात लिहिले की वारा उठला की हायड्रोफॉइल, म्हणजे पाण्यावर उचलून धावणाऱ्या वेगवान बोटी, बंद पडतात, मोठी फेरीबोट रोज नसते, तेव्हा परतीच्या विमानाआधीची रात्र इथे ठेवू नका. होमरने वाऱ्यांचा स्वामी एओलस या समुद्रात वसवला, हे मी मुलांना सांगत असे. त्याचा तिकिटाशी संबंध जोडायला मात्र त्या बाई लागल्या. मी सगळा क्रम उलटा केला: आधी सर्वांत दूरचे बेट, मग एकेक टप्प्याने किनाऱ्याकडे सरकणे.

स्त्रोंबोलीच्या धक्क्यावर सामान न्यायला आपल्या बारामतीत बनते तशीच तीनचाकी आपे उभी होती, ती पाहून ह्यांचा निम्मा ताण तिथेच उतरला. पहिल्या रात्री शिखर ढगात होते आणि फक्त गुरगुर ऐकू आली. दुसऱ्या रात्री लाब्रोन्झोच्या वाटेवर बसून आम्ही दीड तासात सहा स्फोट मोजले. तिसऱ्या सकाळी बाईंचे भाकीत खरे ठरून वारा उठला, हायड्रोफॉइल रद्द झाले आणि आम्हाला आणखी एक रात्र तिथेच काढावी लागली. सलीनाची एक रात्र कमी झाली, बुडालेल्या भाड्याबद्दल हे दोन दिवस हळहळले, पण विमानाला धक्का लागला नाही. सलीनाच्या पोल्लारा गावातून सूर्यास्ताला फिलिकुदी आणि त्यामागे अलिकुदी दिसले, तेव्हा “इथून पायऱ्या दिसत नाहीत हे बरे,” असे हे म्हणाले.

परतीच्या दिवशीही वारा आडवा येईल या भीतीने मी लिपारीहून पहाटेची पहिलीच बोट धरली होती. समुद्र तळ्यासारखा शांत होता, बोट वेळेवर मिलात्सोला लागली, आणि सिसिलीतल्याच कातानियाच्या विमानतळावर आम्ही दोघे साडेपाच तास बसून होतो.