'पुढे काय ठरवलंयस?' हा प्रश्न जरा बाजूला ठेवूया

पंधरा-सोळा वर्षांचं पोर समोर आलं की आपण सगळे एकच विचारतो, पुढे काय ठरवलंयस? आणि पोरं पण हुशार, काहीतरी सांगून मोकळी होतात, कारण उत्तर दिलं की मोठी माणसं गप्प बसतात हे त्यांना पाठ झालेलं असतं. मग आपण ते उत्तर म्हणजे ध्येय असं धरून चालतो आणि क्लास, टाइमटेबल, सगळं त्याच्यामागे लावून देतो. मला याची खरंच काळजी वाटते.

जेम्स मार्शिया नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये यावर फार नेमकं लिहिलंय. तरुण मुलांकडे बघताना तो दोनच गोष्टी तपासतो, स्वतः शोधाशोध केलीय का, आणि काही ठरलंय का. यातून चार प्रकार निघतात आणि त्यातला एक मला फार महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे शोध न घेताच ठरवून टाकलेली मुलं, बऱ्याचदा घरच्यांनी ठरवलेलंच आपलं म्हणणारी. बाहेरून हीच सगळ्यात सेटल दिसतात. उलट जो रोज नवीन काहीतरी म्हणतो, त्याचं काही खरं नाही असं आपण म्हणतो, पण शोधायचं काम तोच करत असतो!

म्हणून माझं म्हणणं असं की आधी बघू द्या, मग ठरवू द्या. माझ्या भाचीला प्राण्यांची डॉक्टर व्हायचंय. तिला म्हटलं एक दिवस एखाद्या दवाखान्यात नुसती बसून ये, परवानगी मी मागते. संध्याकाळी आली ती एकदम शांत. मला वाटलं रक्त बघून घाबरली असेल, तर म्हणे, "मावशी, रक्ताचं काही नाही गं, पण एका आजोबांचं कुत्रं वाचणार नव्हतं आणि डॉक्टर त्यांना ते सांगत होत्या, मला तिथे उभंच राहवेना." ध्येय बदललं नाही तिचं, पण आपल्याला नक्की काय जड जाणार आहे हे तिला कळलं, आणि ते कुठल्याच करिअर गाइडन्सच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

हा अडथळा कळणं फार कामाचं आहे. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांचं संशोधन हेच सांगतं, की नुसती छान छान स्वप्नं रंगवली तर माणूस उलट कमी हातपाय हलवतो, स्वप्नाच्या शेजारी स्वतःचा अडथळा मांडला तर, आणि गोष्ट आपल्या आवाक्यातली वाटत असेल तर, कामाला लागतो.

मग आम्ही कागद घेतला आणि उलट्या बाजूने लिहीत आलो. टोकाला कॉलेजचा प्रवेश, त्याच्या आधी लागणारे विषय, त्याच्या आधी या वर्षाची परीक्षा, असं करत करत या आठवड्यापर्यंत. इथे तिने लिहिलं, 'रोज बायोलॉजी करायची'. ते मी खोडायला लावलं. रोज म्हणजे कधी? शेवटी ठरलं ते असं, शनिवारी सकाळी आंघोळ झाली की मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून एक प्रकरण वाचायचं आणि आकृत्या न बघता काढायच्या. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात हेच दाखवलं होतं, अमुक झालं की मी तमुक करेन असं आधीच ठरवलं तर ते हातून होण्याची शक्यता नुसत्या इच्छेपेक्षा बरीच वाढते. मोठ्यांना सुद्धा लागू आहे हे, पण मुलांना जास्त लागतं, कारण पुढचा विचार करण्यात मेंदूच्या ज्या भागाचं काम मोठं असतं तो साधारण पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. तेव्हा 'तुला भविष्याची काही पडलेलीच नाही' हे वाक्य प्लीज बोलू नका.

कागद तिच्याच कपाटाला लावलाय, हॉलमध्ये नाही, कारण तो तिचा आहे. रोज 'झालं का' विचारायचं नाही असं मी तिच्या आईकडून कबूल करून घेतलंय (हे सगळ्यात अवघड गेलं). तीन-चार महिन्यांनी एकत्र बसून बघायचं, काही बदलायचं असेल तर बदलायचं, अगदी टोकाचं ध्येय सुद्धा.

आणि जी पोरं 'माहीत नाही' म्हणतात त्यांच्या मागे लागू नका. त्यांना वेगळं विचारा, कोणती गोष्ट करताना तू घड्याळ बघत नाहीस, मित्र कुठल्या कामासाठी तुझ्याकडेच येतात, कुणाचं काम तुला एक दिवस जवळून बघायचंय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की त्या माणसाला फोन करून वेळ मागा, म्हणजे पोरालाच करू द्या, तुम्ही फक्त बाजूला बसा.