सात राउंड

पाकिस्तानचं सेबर विमान समोरून आलं की त्याचं तोंड, म्हणजे नाकातलं हवा ओढायचं भोक, उघडं दिसतं. आपल्या हंटरचं नाक टोकदार, तोंड बंद, आणि पंख जिथे अंगाला मिळतात तिथे दोन्ही बाजूंना दोन तिकोनी भोकं. हा फरक मला झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता. तरीही ४ डिसेंबर १९७१ च्या सकाळी माझ्या एका हाकेवर आमच्या तोफेने आपल्याच हंटरवर सात राउंड टाकले. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेर सांगायला पन्नास वर्षं गेली.

मी सातारा जिल्ह्यातला. तोफखान्यात भरती झालो आणि विमानविरोधी तोफांवर गेलो. १९७० साली देवळालीला कोर्स झाला. त्यात रोज एक तास विमानं ओळखण्याचा असे. लाकडी, काळी रंगवलेली, वीतभर लांबीची विमानं. प्रमाण एकास बहात्तर. उस्ताद ते विमान काठीच्या टोकाला लावून मैदानात बारा मीटरवर उभे राहायचे. बारा गुणिले बहात्तर, म्हणजे खरं विमान साडेआठशे मीटरवर जेवढं दिसेल तेवढं ते दिसायचं. काठी हळूहळू वळायची आणि आम्ही ओरडायचो: स्टारफायटर! नॅट! मिराज!

दुपारी जेवणानंतर अंधाऱ्या खोलीत स्लाइड. आधी दोन सेकंद, मग एक, मग नुसती पापणी लवावी तेवढाच वेळ. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलासाठी ओहायोतल्या सॅम्युएल रेन्शॉ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बसवली होती, हे मी फार नंतर वाचलं. तेव्हा आम्हाला एवढंच कळायचं की पोटात डाळभात असताना अंधारात जागं राहणं हीच खरी परीक्षा.

पुस्तकातली रीत म्हणजे 'वेफ्ट'. पंख, इंजिन, धड, शेपूट, यांची इंग्रजी आद्याक्षरं. उस्ताद ती पाठ करून घेत आणि वर म्हणत, "ये इम्तिहान के लिए है. आसमान में चार चीज़ देखने का टाइम नहीं मिलेगा." हिशोब सरळ होता. ताशी ९०० किलोमीटरने येणारं विमान सेकंदाला २५० मीटर कापतं. चार किलोमीटरवर दिसलं तर डोक्यावर यायला सोळा सेकंद. आमची तोफ बोफोर्स एल-६०. तिचा उपयोगी पल्ला दोन-अडीच किलोमीटर धरा, म्हणजे हातात राहतात आठ-दहा सेकंद. त्यात ओळखायचं, ओरडायचं आणि तोफ फिरवायची. मला उस्तादांचं म्हणणं लगेच पटलं. गावी संध्याकाळी जनावरं परतायची तेव्हा धुरळ्यातून तात्या आपला बैल ओळखायचे ते शिंगं मोजून नव्हे, चालीवरून.

आमची एक चैन होती. ओझर जवळच. तिथे एचएएलच्या कारखान्यात मिग-२१ ची बांधणी चालायची, आणि एखादं विमान आमच्या डोक्यावरून गेलं की अख्खा वर्ग बाहेर. पंख तिकोनी, पण मागे आडवी शेपटी वेगळी. मिराजलाही पंख तिकोनीच, मात्र ती शेपटी नाही. लाकडी मॉडेल दहा वेळा बघून जे डोक्यात बसलं नव्हतं, ते ओझरच्या एका मिगने बसवलं. आपली विमानं अशी जिवंत बघायला मिळायची, शत्रूची मात्र फक्त लाकडात आणि काळ्या छायाचित्रात.

काही जोड्या छळायच्या. आपलं सुखोई-७ आणि पाकिस्तानचं चिनी बनावटीचं एफ-६, दोघांचे पंख खूप मागे झुकलेले, दोघांची तोंडं उघडी. फरक पार्श्वभागात: सुखोईला एक नळकांडं, एफ-६ ला शेजारी-शेजारी दोन. म्हणजे विमान डोक्यावरून निघून गेल्यावर कळणार की ते कोण होतं! कॅनबेरा आणि बी-५७ तर एकाच आईची लेकरं. ब्रिटिश विमानाची अमेरिकन आवृत्ती तिकडे, मूळ ब्रिटिश इकडे. आपल्या बॉम्बर कॅनबेराच्या वैमानिकाचा काचेचा फुगा मध्यावर नसून डावीकडे सरकलेला असतो, हे आम्ही मोठ्या निष्ठेने पाठ केलं. पुढे बी-५७ आली ती रात्री. तेव्हा कसला फुगा आणि कसलं काय.

एका साहेबांनी वर्गात सिसिलीची हकिगत सांगितली होती. ११ जुलै १९४३ च्या रात्री छत्रीधारी सैनिक घेऊन निघालेल्या १४४ अमेरिकन विमानांपैकी २३ विमानं पडली, तीही त्यांच्याच लोकांच्या तोफांनी. आम्ही हसलो होतो. तेवीस म्हणजे काय!

डिसेंबरात आम्ही पंजाबात एका विमानतळाभोवती होतो. ३ तारखेला संध्याकाळी पाकिस्तानने हल्ला केला. रात्रभर आम्ही आवाजाच्या दिशेने अंधारात राउंड फेकत होतो. पहाटे थंडीने बोटं वाकत नव्हती. उजाडलं आणि मी एअर सेंट्री म्हणून तोफेशेजारच्या मातीच्या ढिगावर दुर्बीण घेऊन उभा राहिलो.

तोफांवर तेव्हा 'टाइट'चा हुकूम होता. म्हणजे शत्रू आहे असं ओळखल्याशिवाय तोफ डागायचं पेडल दाबायचं नाही. आमच्याकडे विमानाला 'तू कोण' विचारणारं कुठलंही यंत्र नव्हतं. ओळखणारा म्हणजे मी.

फोन वाजला. ऑपरेटरने ऐकलं ते तसंच्या तसं ओरडून सांगितलं, "वेस्ट से! चार सेबर! लो!"

मी पश्चिमेला वळलो. सूर्य माझ्या पाठीशी होता, म्हणजे समोरून येणाऱ्यावर पूर्ण उजेड. याहून चांगली स्थिती मिळत नाही, म्हणून उजेडाची सबब मला देता येत नाही. उसाच्या शेतावर धुक्याचा पट्टा होता आणि त्यावर दोन ठिपके. मागे झुकलेले पंख. मध्ये काळं. मला तोंड दिसलं. आजही डोळे मिटले तर मला ते उघडं तोंडच दिसतं.

"सेबर! दुश्मन!"

तोफेने तोंड उघडलं. एल-६० मिनिटाला १२० राउंड टाकते, सेकंदाला दोन. चारची एक क्लिप संपली, दुसरी सुरू झाली. राउंड विमानांच्या मागून, बरेच मागून जात होते. तेवढ्यात मागचं विमान एका अंगावर कललं आणि मला त्याची शेपूट दिसली. आडवे पंख उभ्या सुकाणूच्या मध्यावर. सेबरचे धडालाच असतात, खाली, किंचित वर उचललेले. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत कानावर तो आवाज आला. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखा हुंकार. त्या विमानतळावर रोज ऐकलेला, हंटरचा.

"रोको! अपना है! रोको!"

लेअरने, म्हणजे तोफेचा नेम धरणाऱ्याने, पेडलवरून पाय उचलला. साडेतीन सेकंद झाले होते, सात राउंड. दोन्ही हंटर धावपट्टीकडे वळले, चाकं खाली आली. नंतर कळलं, इंधन संपत आलेलं म्हणून ठरलेला रस्ता सोडून सरळ आले होते. एकालाही ओरखडा नव्हता. आमच्या तोफेचा नेम वाईट होता याचा मला इतका आनंद ना आधी कधी झाला ना नंतर.

दहाच्या सुमारास बॅटरी कमांडर साहेब, म्हणजे आमच्या तोफांच्या तुकडीचे प्रमुख, जीपने आले. मी सावधान. वाटलं, आता बिल्ले उतरणार. ते मराठीच होते, पण ड्यूटीवर माझ्याशी कधी मराठीत बोलले नव्हते. त्यांनी एक वाळकी काडी उचलून माझ्या हातात दिली.

"हंटर काढ. समोरून."

मी मातीत काढलं. टोकदार नाक, दोन तिकोनी भोकं.

"सेबर."

तेही काढलं. त्यांनी दोन्ही चित्रं बराच वेळ बघितली. बरोबर होती.

"फोनवर काय आलं होतं?"

"चार सेबर, साहेब."

"तुला दिसली किती?"

मी गप्प झालो. मग म्हणालो, "दोन, साहेब."

त्यांनी बुटाने दोन्ही चित्रं पुसली आणि जीपमध्ये बसले. मला वाटतं, त्या दोन काळ्या भोकांचं एक तोंड त्या क्षणी मीच करून घेतलं. चार ऐकून दोन दिसली, तिथेही मी थबकलो नाही. काठीवरच्या मॉडेलशेजारी उभं राहून कोणी कानात नाव सांगत नसे, तो भाग देवळालीत राहूनच गेला होता.

दुपारी आमच्या नंबर वनने, म्हणजे तोफेच्या हवालदारांनी, ऑपरेटरला ताकीद दिली. विमानाचं नाव फोनवर आलं तरी ते फक्त त्यांच्या कानात सांगायचं. मोठ्याने फक्त दिशा आणि उंची. पुढे १७ तारखेपर्यंत मी त्या ढिगावर होतो. खरी सेबरही आली, दोनदा. ती ओळखायला मला क्षणभरही लागला नाही, आणि त्यातलं एकही आम्ही पाडलं नाही.

त्या संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात दारूगोळ्याचा हिशोब लिहायचा होता. रिकाम्या पितळी पुंगळ्या मी स्वतः वेचून आणल्या, सातही. नंबर वनने तारीख लिहिली, वेळ लिहिली, संख्या लिहिली. 'टार्गेट'च्या रकान्याशी त्यांचं पेन थांबलं.

"क्या लिखूँ?"

मी काहीच बोललो नाही. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली, मग खाली वाकून लिहिलं: 'एअरक्राफ्ट, दोन.'